अष्टूरचे रंगीत घुमट

दामाजीपंतांचे आख्यान ज्याच्या कानांवरून गेले नाही असा मराठी माणूस एके काळी शोधूनही सापडला नसता. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठार भुकेल्या रयतेला मोकळे करून दिले, त्याबद्दल बीदरच्या बादशहाने त्यास दस्त करून आणण्याचा हुकूम सोडला, आणि तो हुकूम अमलात येण्यापूर्वीच विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष पंढरीनाथाने दरबारात जाऊन सारी रक्कम चुकती केली, ही कथा कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगविली. श्रोते पंढरीनाथाच्या जयघोषात घरी जातात आणि तो बादशहा मात्र कथेबरोबर तेथेच राहतो. त्याचे घराणे कोणते, त्या घराण्याचे पुरुष शेवटी कोठे निजले, त्यांच्या कबरींवर कोणी काय लिहिले व काय चितारले, हा विचार सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. तो शिवावा एवढ्यासाठीच हा लेख आहे. कारण बीदर शहराच्या पूर्वेस तीन-चार किलोमीटरवर अष्टूर नावाच्या लहानशा गावाशेजारी बहमनी सुलतानांची जी दफनभूमी आहे, तिच्यातील एका घुमटाखाली पंधराव्या शतकातील चित्रकामाचे असे वैभव टिकून राहिले आहे की त्याच्या तोडीचे दुसरे उदाहरण दख्खनच्या थडग्यांत मला तरी ठाऊक नाही.

धरमतरच्या खाडीकाठी, डोलवीसारख्या गावी राहणाऱ्याला बीदर हे फार दूरचे, परप्रांतातले शहर वाटते. परंतु त्या काळी आपला हा किनारा व ते राजनगर एकाच व्यापारी वाटेची दोन टोके होती. खाडी ओलांडून अलिबागच्या पुढे गेले की चौल लागते. ते बहमनी राज्याचे नांदते बंदर होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास विकण्यासाठी आणलेल्या एका घोड्यासह याच चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला गेला, तेथे पावसाळा काढून पुढे बीदरला पोहोचला, आणि सुलतानाच्या स्वारीतील हत्ती, वाद्ये व जडजवाहीर पाहून थक्क झाल्याचे त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात नोंदविले. रेवदंड्याला आज त्याचे स्मारक उभे आहे. त्याच्याही आधी, अहमदशहा बहमनीच्या कारकीर्दीत, मलिक-उत्‌-तुज्जार या सरदाराच्या हाताखालील बहमनी फौज उत्तर कोकणातून थेट माहीमपर्यंत पोहोचली होती आणि गुजरातच्या सुलतानाशी तिची गाठ पडली होती. तेव्हा अष्टूरला जाणारा कोकणी माणूस परक्याच्या घरी जात नाही. आपल्याच मुलखाच्या जुन्या धन्यांची दफनभूमी पाहावयास जातो. देशाकडील मंडळींना तर हे अधिकच लागू आहे, कारण उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्याचेच भाग होते, आणि औराद-भालकीकडे अजूनही घराघरांत मराठी बोलली जाते.

बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले व त्याची पहिली राजधानी गुलबर्गा ही होती. तेथे ‘हफ्त गुंबद’ या नावाने ओळखली जाणारी आरंभीच्या सुलतानांची थडगी आहेत. १४२२ मध्ये गादीवर आलेल्या अहमदशहाने राजधानी बीदरला हलविली आणि जिवंतांच्या नगरीबरोबर मृतांची नगरीही नवी वसविली. बीदरचा कोट उंच, लाल मातीच्या पठारावर. दफनभूमी त्या पठाराखालच्या सखल, हिरव्या शेतजमिनीत. शहराकडून उतरत येणाऱ्या रस्त्यावर प्रथम डाव्या-उजव्या हाताला शेतेच दिसतात, आणि मग एकदम, पिकांच्या पलीकडे, लहानमोठे घुमट एका ओळीत उभे राहतात.

तेथे पोहोचण्यापूर्वी वाटेत जी अष्टकोनी, दुमजली, बिनघुमटाची वास्तू लागते तिला चौखंडी म्हणतात. ती सुलतानाची नसून खलीलुल्ला या सत्पुरुषाची आहे, आणि पुढील सारी हकीकत समजण्यासाठी तिच्यापाशी क्षणभर थांबणे अवश्य आहे. अहमदशहाची इराणातील किरमानच्या शाह निमतुल्ला वली या सूफी साधूवर निस्सीम श्रद्धा होती. त्याने त्यांना दख्खनला येण्याची विनंती केली. ते आले नाहीत, पण त्यांचा नातू आला आणि १४३१ मध्ये साधूंचे देहावसान झाल्यावर पुत्र खलीलुल्ला हेही बीदरला येऊन राहिले. चौखंडीच्या आतील दरवाजावर काळ्या दगडात कोरलेला लेख शिराझच्या मुघीस नावाच्या लेखनकाराचा आहे. वेलींच्या नक्षीतून अक्षरे इतक्या सहजतेने वर आली आहेत की अरबी लिपीचे एक अक्षरही न येणारा मनुष्यसुद्धा तेथे बराच वेळ उभा राहतो.

आता अहमदशहाच्या घुमटाकडे येऊ. बाहेरून ही इमारत भव्य आहे, पण साधी आहे. चौरस भिंतींवर एकावर एक कमानींच्या ओळी आणि त्यांवर उंच घुमट, एवढाच तिचा थाट. भिंती इतक्या जाड आहेत की दारातून आत पोहोचेपर्यंत उजेड मंदावतो, आणि उन्हातून आलेल्या डोळ्यांना प्रथम काहीच दिसत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी मुजावराने दाराशी उन्हात एक आरसा तिरपा धरला, त्याचा कवडसा आत भिंतीवर पडला, आणि तो जसजसा वर सरकत गेला तसतसे एकेक पट उलगडत गेले: प्रथम हिंगुळी तांबडा, मग गर्द निळा, मग हिरवा, आणि त्या सर्वांवर सोन्याची अक्षरे. कमानींच्या पाठी, कोपऱ्यांतील कोनाडे, घुमटाच्या तळाशी फिरणारे पट्टे, खुद्द घुमटाचे पोट, यांपैकी एक वीतभर जागाही मूळ चित्रकाराने रिकामी सोडली नव्हती. वेली एकमेकींत गुंततात, फुलांची वर्तुळे होतात, वर्तुळांचे तारे होतात, आणि या साऱ्या गुंतागुंतीत रेषा कोठेही अडखळत नाही. आमच्या पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शेवटी घरच्या सर्वांत जाणत्या हाताकडे जाते, कारण तेथे कुंचला एकदा टेकला की माघार नसते. अष्टूरच्या घुमटात तशी आखणी भिंतभर पसरलेली आहे.

ही नक्षी केवळ शोभेची नाही. सोनेरी अक्षरांत कुराणातील वचने आहेत, पैगंबरांवरील दरूद आहेत, शाह निमतुल्लांच्या काव्यातील पंक्ती आहेत आणि त्यांच्या गुरुपरंपरेचे शजरे, म्हणजे आपल्याकडील मठांतून गुरुपरंपरा सांगतात तशी वंशावळी, आहेत. राजाने आपल्या थडग्याच्या भिंतीवर आपल्या विजयांची यादी लिहिली नाही, आपल्या गुरूंची नावे लिहविली, ही गोष्ट मला त्या रंगांइतकीच मोलाची वाटते. आणि तो राजा काही मऊ मनाचा नव्हता. विजयनगरावरील स्वारीत त्याने केलेल्या कत्तलींचे फिरिश्ता या इतिहासकाराने केलेले वर्णन वाचवत नाही. हाच फिरिश्ता सांगतो की दुष्काळात लोक हवालदिल झाले असता या सुलतानाने उघड्या जागी जाऊन प्रार्थना केली, पाऊस पडला, आणि तेव्हापासून रयत त्यास ‘वली’ म्हणू लागली. एकाच पुरुषाची ही दोन चित्रे आहेत आणि इतिहासाने दोन्ही जपली आहेत. चित्रकाराचे नावही सुदैवाने हरवलेले नाही: शुक्रुल्ला, गाव कझ्वीन, धंदा नक्काश. दख्खनमधील मध्ययुगीन भित्तिचित्रांपैकी कितींच्या बाबतीत आपण कर्त्याचे नाव घेऊ शकतो, याचा विचार केला म्हणजे या एका ओळीची किंमत कळते.

लोकांनी या राजाला कसे मानले ते तर अधिक विलक्षण आहे. लिंगायत मंडळी त्यास अल्लमप्रभूंचे रूप मानतात, त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे होळीनंतर भरतो, आणि त्या उरुसात जंगमाचा मान असतो. तेथे नारळही फुटतो व फातेहाही पढला जातो. ही प्रथा कोणा सरकारने सनद देऊन सुरू केलेली नाही. ती रयतेने घातली आणि रयतेनेच चालविली.

पुढच्या घुमटांविषयी थोडक्यात सांगतो. अहमदशहाचा पुत्र अलाउद्दीन (१४३६–१४५८) याच्या थडग्याच्या दर्शनी कमानींवर निळ्या चकचकीत कौलांच्या नक्षीचे तुकडे अजून शिल्लक आहेत. त्याच्या शेजारी हुमायूनचे थडगे आहे. या सुलतानाने जेमतेम तीन वर्षे राज्य केले आणि ‘जालीम’ ही पदवी मिळविली. वीज पडून त्याच्या घुमटाचा अर्धा भाग कोसळला आणि उरलेला अर्धा आजही अधांतरी उभा आहे. यास लोक ईश्वरी न्याय म्हणतात. मला त्यात स्थापत्याचा एक दुर्मीळ पाठ दिसतो, कारण घुमटाचे पोट, पाठ व मधली जाडी येथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. पुढे राज्य खंगत गेले तसतशी थडगीही लहान होत गेली. शेवटच्या सुलतानांच्या वाट्याला नावापुरत्या वास्तू आल्या. ज्या वजीर महमूद गावानने हे राज्य सावरून धरले व १४८१ मध्ये ज्याचा याच घराण्याच्या हुकमाने शिरच्छेद झाला, त्याची कबर या ओळीत नाही. बीदरपासून काही अंतरावर एका साध्या, बिनघुमटाच्या चौथऱ्यावर आहे.

रंगविलेली दफनभूमी म्हटली की युरोपातील प्रवाशाला इटलीतील पिसा शहराचा काम्पोसांतो आठवतो. तेराव्या शतकात सुरू झालेल्या त्या वास्तूच्या ओवऱ्यांत बुफालमाक्को याने चितारलेला ‘मृत्यूचा विजय’ हा विशाल पट जगप्रसिद्ध आहे. २७ जुलै १९४४ रोजी, महायुद्धात, तिच्या छपरास आग लागली, वितळलेले शिसे चित्रांवर ओघळले आणि बहुतेक सारे नष्ट झाल्यासारखे वाटले. परंतु त्या लोकांनी चित्रांचे थर भिंतींवरून सोडवून घेतले, त्यांखाली सापडलेल्या तांबड्या मातीच्या मूळ रेखाटनांसाठी स्वतंत्र संग्रहालय उभारले, आणि कित्येक दशके खपून तो ‘मृत्यूचा विजय’ २०१८ मध्ये पुन्हा जागेवर बसविला. अष्टूरला आग लागली नाही, बाँब पडला नाही. तेथील शत्रू मंदगतीचे आहेत: पावसाळ्यात झिरपणारी ओल, वटवाघळे, धुपाचा व दिव्यांचा धूर, आणि भिंतीला हात लावून पाहणारे आपण. ज्या भाविकपणाने हे स्थान सहा शतके जागते ठेवले त्याच भाविकपणाच्या धुराने रंग काळवंडतात, ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय भाविकांना बाहेर काढणे हा असू शकत नाही. दिवे व ऊद बाहेरच्या ओट्यावर ठेवावेत, एवढे मुजावर व पुरातत्त्व खाते मिळून सहज ठरवू शकतील.

निजामाच्या राज्यातील पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे रंगीत खंड सिद्ध केले, इटालियन तज्ज्ञांकडून त्या चित्रांची दुरुस्ती करविली, आणि १९४७ मध्ये बीदरच्या इतिहासावर व इमारतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो आजही या विषयाचा पाया आहे. तो इंग्रजीत आहे. मराठीत असा ग्रंथ होणे अगत्याचे आहे, आणि घुमटातील प्रत्येक पट रंगीत छायाचित्रांत टिपून ठेवण्याचे काम तर त्याच्याही आधी व्हावयास हवे, कारण रंग वाट पाहत नाहीत. वाचकांपैकी ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी सोलापूर-हुमनाबाद रस्त्याने किंवा लातूर-उदगीरमार्गे रेल्वेने हिवाळ्यात बीदरला जावे, ऊन चांगले असेल अशा वेळी अष्टूर गाठावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत, छायाचित्र घेताना झगझगीत दिवा लावू नये, भिंतीला हात लावू नये, आणि बरोबर शाळकरी मुले असतील तर त्यांना शुक्रुल्ला नक्काशाचे नाव आवर्जून सांगावे.