ओले फडके आणि वाऱ्याची दिशा

गेल्या मे महिन्यात भोपाळला मामांकडे जाण्याचा योग आला. मामा 'भेल'च्या कारखान्यातून निवृत्त होऊन आता सोनागिरी भागात राहतात. एका संध्याकाळी वसाहतीच्या बागेत दोन पोलीस आले आणि जमलेल्या रहिवाशांना त्यांनी चार उपयुक्त गोष्टी सांगितल्या. भर दुपारी उन्हात हिंडू नका, पाणी पीत राहा. फोनवर कोणी अटकेची धमकी देऊन पैसे मागितले तर घाबरू नका, १९३० या क्रमांकावर कळवा. कोणतेही संकट आले तर ११२ क्रमांक फिरवा. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर विजेच्या बटणाला हात लावू नका. शेवटी प्रत्येकाला एक छापील कागद मिळाला.

खरे सांगायचे तर मला थोडे हसू आले. एवढे तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते! मामांनी मात्र तो कागद नीट घडी घालून घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "अरे, असा एक कागद आम्हाला १९८४ साली मिळायला हवा होता."

त्या वर्षी मामा पंचवीस वर्षांचे होते. नोकरी नवी, मुक्काम पिपलानीच्या क्वार्टरात. २ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे ३ तारखेला, शहराच्या उत्तरेकडील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले होते, त्याची रासायनिक क्रिया भडकली आणि सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हवेत मिसळले. मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू नोंदवले. पीडितांच्या संघटना हा आकडा याहून कितीतरी मोठा असल्याचे सांगतात. शहराच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड वायुग्रस्त ठरले.

या दुर्घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे तिची एकच बाजू मांडायची आहे, ती म्हणजे लोकांना मिळालेल्या, किंबहुना न मिळालेल्या, सूचनेची.

हा वायू हवेच्या सुमारे दुप्पट जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जातो. त्यामुळे जमिनीवर झोपलेल्यांना आणि लहान मुलांना तो आधी गाठतो. त्याची पाण्याशी क्रिया होते, म्हणून नाकातोंडावर ओले फडके धरले तर त्याचा काही अंश तरी अडतो. आणि माणूस धावू लागला की त्याचा श्वास वाढतो, म्हणजे विषही जास्त आत जाते. आता त्या रात्री काय घडले ते पाहा. वारा कारखान्याकडून आग्नेयेला, दाट वस्तीकडे वाहत होता. लोक जागे झाले, खोकू लागले आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटले. पुष्कळजण वाऱ्याबरोबरच, म्हणजे वायूच्या सोबतीनेच धावले. कारखान्यातल्या कामगारांना वारा पाहून त्याच्या उलट दिशेला जावे हे माहीत होते आणि त्यांतले बहुतेक वाचले. भिंतीपलीकडच्या झोपड्यांना हे कोणी कधी सांगितलेच नव्हते.

मग पोलीस काय करीत होते? त्यांना तरी कोठे माहीत होते! त्या रात्री नियंत्रण कक्षातून कारखान्यात फोन केले असता आधी सर्व ठीक असल्याचे उत्तर मिळाले. बाहेरच्या लोकांसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला होता. तो पुन्हा सुरू झाला तोवर दोन वाजून गेले होते. ज्याला स्वतःलाच काही कळलेले नाही, तो दुसऱ्याला 'पळा' याखेरीज काय सांगणार?

पहाटे पिपलानीकडे माणसे येऊ लागली. डोळे सुजलेले, तोंडाला फेस. मामा आणि त्यांचे सोबती बादल्या भरून त्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतीत राहिले. मामा म्हणाले, "आपण करतोय ते बरोबर की चूक, हेसुद्धा माहीत नव्हते. पाणी बरोबर होते, हे पुढे कळले."

दुसरा प्रसंगही बोधप्रद आहे. टाक्यांत उरलेल्या रसायनाचे कीटकनाशक करून टाकण्याचे काम १६ डिसेंबर १९८४ रोजी सुरू झाले. त्याला नाव दिले होते 'ऑपरेशन फेथ', म्हणजे विश्वास. या वेळी सूचना आधी मिळाली. कुंपणाला ओली गोणपाटे बांधली होती, हेलिकॉप्टरमधून पाणी शिंपडले जात होते. तरीही त्या दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. मामाही नागपूरच्या गाडीत बसले. सूचना होती, पण सांगणाऱ्यावर विश्वास उरला नव्हता. तो एका दिवसात निर्माण होत नाही. बागेत येऊन उन्हाळ्याच्या चार गोष्टी सांगणारा पोलीस तोच विश्वास थोडा थोडा साठवीत असतो, हे मला तेव्हा उमगले.

पुढे कायदे झाले. कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती आसपासच्या लोकांना देणे धोकादायक कारखान्यांवर बंधनकारक झाले. तरीही ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला स्टायरीनची गळती झाली तेव्हा लोक झोपेतच सापडले. ओले फडके बांधा, अशी सूचना तेथील महापालिकेने दिली, पण वायू सुटल्यानंतर.

म्हणून वाचकहो, थोडे ध्यानात ठेवू या. बाहेर विषारी वायू सुटला तर दारे-खिडक्या बंद करावीत, फटींत ओली फडकी कोंबावीत आणि नाकातोंडावर ओला रुमाल धरावा. जड वायू असेल तर वरचा मजला बरा. बाहेर पडावेच लागले तर झाडाची पाने किंवा धूर पाहून वाऱ्याला आडवे जावे. घरातल्या सिलिंडरची गळती असेल तर मात्र नेमके उलट करावे: दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर जाऊन १९०६ वर कळवावे. 'गॅस' हा शब्द एकच, पण उपाय परस्परविरुद्ध. हा फरक ऐन वेळी सुचत नाही, आधीच माहीत असावा लागतो.

आपल्या गावातही बर्फाचा कारखाना आहे. तेथे अमोनिया असतो. हमरस्त्यावरून रसायनांचे टँकर रोज जातात. आपल्याला कोणी काही सांगितले आहे का? आणि आपण तरी कधी विचारले आहे का?

घरी परतल्यावर मी पहिल्यांदा तो कारखाना आमच्या घराच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहिले. तो पश्चिमेला आहे. पावसाळाभर आमच्याकडे वारा पश्चिमेकडूनच येतो. मामांच्या कागदाची एक प्रत आता आमच्याही स्वयंपाकघरात चिकटवलेली आहे. खाली मी वाऱ्याविषयीची एक ओळ हाताने लिहिली आहे.