पाण्यातून पुन्हा बोटीत

अलाँ बोंबार हा फ्रेंच डॉक्टर 1952च्या ऑक्टोबरमध्ये रबरी बोटीतून एकटाच अटलांटिक ओलांडायला निघाला. बोट जेमतेम साडेचार मीटर लांब. जहाज बुडाल्यावर समुद्रात अडकलेला माणूस समुद्राच्याच आधारावर जगू शकतो, हे त्याला स्वतःवर प्रयोग करून दाखवायचं होतं. 65 दिवसांनी तो बार्बाडोसला पोचला. या प्रवासात एकदा त्याची हवा भरलेली उशी पाण्यात पडली. ती आणायला तो पोहत गेला आणि मागे वळला, तेव्हा बोट त्याच्यापासून दूर निघाली होती. बोटीचा वेग रोखणारा कापडी नांगर गुंतला होता. त्या नांगराने पुन्हा पाणी धरलं, म्हणूनच बोंबारला बोट गाठता आली.

रबरी बोट पाण्यात फारशी बुडत नाही आणि तिच्या फुगीर अंगावर वारा भरपूर बसतो, त्यामुळे पोहणाऱ्याच्या हातून ती सहज निसटते. पण बोट गाठली, तिच्या कडेच्या दोरीला हात लागला, म्हणजे सुटलो असंही नाही. आतापर्यंत पुढे जायचं होतं, आता वर चढायचं असतं, आणि दम आधीच संपलेला असतो. 2019च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीत एनडीआरएफच्या रबरी बोटी आपण सगळ्यांनी पाहिल्या. त्या बोटींत हात देऊन आत घेणारे तरबेज जवान होते. कोकणच्या खाडीत किंवा एखाद्या धरणाच्या जलाशयात छोटी रबरी बोट घेऊन दोघंच गेले आणि त्यातला एक पाण्यात पडला, तर वर राहिलेल्या एकट्याला त्याला ओढून घेणं बहुतेक वेळा झेपत नाही. म्हणून या बोटीला शिडी हवी. आणि ती दुकानात उभं राहून नव्हे, पाण्यातल्या दमलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून निवडायला हवी.

गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा येतो. पाणी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आलं की साधारण तिसरा हिस्सा, आणि कमरेच्या हाडापर्यंत आलं की निम्मा. पाण्यात व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट याच हिशेबाने रुग्णाला किती खोल पाण्यात उभं करायचं ते ठरवतात. 75 किलोच्या माणसासाठी हे आकडे सात, पंचवीस आणि सदतीस किलोच्या आसपास जातात. शरीराचा एकेक लिटर भाग पाण्याबाहेर आला की एकेक किलोचा भार हातापायांवर वाढत जातो. त्यामुळे चढण्याचा पहिला भाग फसवा सोपा वाटतो, आणि छाती बोटीच्या कडेच्या हवा भरलेल्या ट्यूबच्या वर आल्यावर, नेमकं जिथे धरायला काही नसतं तिथे, हात थरथरायला लागतात.

तीन मीटरच्या बोटीची ट्यूब साधारण 42 सेंटिमीटर जाडीची असते. बोट हलकी असली तर त्यातला जवळपास एक फूट पाण्यावर राहतो. एक फूट ऐकायला किरकोळ वाटतं, पण ट्यूब गोल, ओली आणि गुळगुळीत. हाताने स्वतःला तिच्याकडे ओढलं की छाती अडते आणि तरंगणारे पाय बोटीच्या पोटाखाली सरकतात. माणूस उताणा पडल्यासारखा मागे कलतो. अंगात फोमचं जाड लाइफ जॅकेट असेल तर ते ट्यूबच्या फुगवट्याला अडतं. डुबकी मारणारे लोक पाठीवरचं सामान आधी बोटीत देतात, पायातले फिन तसेच ठेवतात, जोरात पाय मारून शरीर आडवं करतात आणि पोटावर सरकत आत येतात. ते सरावाचं काम आहे. अचानक पडलेल्या माणसाच्या पायात फिन नसतात.

एका बाबतीत मात्र रबरी बोट मोठी भरवशाची आहे. 42 सेंटिमीटर जाडीची ट्यूब दर मीटर लांबीला सुमारे 138 लिटर पाणी बाजूला सारू शकते. तीन मीटर लांबीच्या एका बाजूत हे 400 लिटरच्या वर जातं, आणि ही सगळी तरंगशक्ती बोटीच्या अगदी कडेला असते. लहान लाकडी होडीच्या काठाला कोणी लटकलं तर ती पाणी घेते किंवा उलटते. हवा नीट भरलेल्या रबरी बोटीच्या कडेला 80 किलोचा माणूस लटकला तरी ती बाजू दबते आणि थांबते. आतल्या माणसाने विरुद्ध बाजूला बसून वजन द्यायचं एवढंच. म्हणजे इथे बोटीच्या मधल्या भागात, कडेला शिडी लावता येते, आणि लाटांमध्ये ती जागा जास्त सोयीची असते. लाटेबरोबर बोटीची पुढची-मागची टोकं जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. बोटीच्या मागच्या, इंजिन बसवायच्या फळीवर शिडी असेल तर फळी उचलली जाते तेव्हा शिडी पायाखालून निघून जाते आणि पुढच्याच क्षणी डोक्यावर येऊ शकते. शिवाय तिथे इंजिनाचा पंखा असतो. माणूस पाण्यात असताना इंजिन बंद, हा नियम शिडी कुठेही असली तरी पाळायचाच.

बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ती दोरीची शिडी, प्लास्टिकच्या पायऱ्यांची. दुकानात ती सरळ लोंबकळत असते. पाण्यात तसं होत नाही. ट्यूबचा सर्वांत फुगीर भाग पाण्याच्या जवळपास असतो आणि त्याखाली ती आत वळते. पायरीवर भार दिला की लटकलेल्या शरीराचा गुरुत्वमध्य आधाराच्या बिंदूखाली यायला बघतो. छातीला ट्यूब बाहेर ढकलत असते, म्हणून पाय विरुद्ध दिशेला, बोटीखाली जातात. शिडी जितकी लवचीक तितकं हे जास्त. त्यातच प्लास्टिकच्या पायऱ्या तरंगतात आणि भार येईपर्यंत पृष्ठभागावर पसरून राहतात; भार आल्यावर त्या ट्यूबला अशा चिकटून बसतात की अंगठ्यापलीकडे पाऊल आत जात नाही. खालच्या पायरीला डुबकीवाल्यांचं एखाद्या किलोचं शिसं बांधलं तर शिडी निदान सरळ खाली जाते. रुंद पट्ट्याच्या शिडीत, कडक नळीवर कापड चढवलेल्या पायऱ्या असतील तर पावलाला जागा उरते. घडी करून पिशवीत नेण्याच्या बोटीला मी हीच घेईन. ट्यूबवर आकडा अडकवायची ॲल्युमिनियमची शिडी तिच्याहून बरी, पण तिला खाली बोटीपासून अंतर राखणारे टेकू हवेत. मागे पक्की लाकडी फळी असेल आणि पाणी शांत असेल, तर फळीला बोल्टने बसवलेली, सरकवून लांब होणारी स्टीलची शिडी सगळ्यांत सोपी चढते, कारण ती आत वळत नाही.

शिडी कुठलीही घ्या, सर्वांत महत्त्वाचं माप म्हणजे खालची पायरी पाण्यात किती खोल जाते. अमेरिकेतली बोटींसाठी मानकं ठरवणारी एबीवायसी ही संस्था किमान 56 सेंटिमीटर सांगते. पायरी त्याहून वर असली तर गुडघा छातीपर्यंत उचलावा लागतो. त्या अवस्थेत मांडीचे स्नायू सर्वांत कमी जोर देतात, आणि वर उचललेला पाय शरीराला मागे ढकलतो. पायरी खोल असली की माणूस आधी जवळजवळ उभा राहतो, भार दहाव्या हिश्शापासून हळूहळू वाढत जातो आणि तो हातांवर नाही, पायांवर येतो. तीन पायऱ्यांच्या शिडीत ही खोली मिळणं अवघड, चार पायऱ्यांची घ्या. थोडे पैसे जास्त लागतील, लागू देत.

आता जोडणी. इथे बहुतेकांचं लक्ष गाठीकडे असतं आणि बिघाड होतो तो चिकटवलेल्या डी-रिंगमध्ये, म्हणजे दोरी-पट्टा बांधायच्या कडीत. डी-रिंग ज्या गोल ठिगळावर असते, ते ट्यूबला फक्त चिकटवलेलं असतं. हे ठिगळ पृष्ठभागाच्या दिशेने ओढलं तर ताण सगळ्या चिकटलेल्या क्षेत्रावर वाटला जातो आणि ते मोठा भार सहन करतं. तेच पृष्ठभागापासून दूर, वरच्या दिशेने ओढलं तर सगळा ताण कडेच्या एका बारीक रेषेवर येतो. ती रेषा सुटली की पुढची, मग त्यापुढची. भिंतीवरची चिकटपट्टी आपण कोपरा धरून सोलतो तसंच हे आहे. म्हणून शिडीचा पट्टा जवळच्या ट्यूबच्या डोक्यावरच्या रिंगला बांधू नये. तो बोटीच्या आतून आडवा नेऊन समोरच्या ट्यूबच्या आतल्या बाजूच्या दोन रिंगांना बांधावा, अशा उंचीवर की ओढ ठिगळाच्या पृष्ठभागालगत जाईल. शिडीची भारवाहू बाजू मग जवळच्या ट्यूबवर नुसती टेकते. नवीन ठिगळ लावायचं झालं तर बोटीचं कापड पीव्हीसी आहे की हायपॅलॉन ते आधी पाहा, दोन्हींचे गोंद वेगळे. ते दोन घटकांचे असतात आणि दमट हवेत नीट धरत नाहीत. कोकणात हे काम पावसाळ्यात काढूच नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

हवेच्या दाबाचाही इथे संबंध आहे. ट्यूबमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पाव बार दाब जास्त असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाव किलो. शिडीच्या आकड्यातून 80 किलोचा भार आला की ट्यूब दबत जाते आणि सुमारे 320 चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे 18 सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढा भाग टेकतो तेव्हाच थांबते. आकडा अरुंद असेल तर तो रुततो आणि कड कापडात घुसते, त्यामुळे खाली रबराची रुंद गादी हवी. पुळणीवर 40 अंशांच्या उन्हात भरलेली बोट 28 अंशांच्या पाण्यात उतरवली की पाव बारचा दाब पाचव्या हिश्शाने उतरतो. बोट ढिली पडते, आकडा आणखी रुततो, शिडी आत झुकते. बोट पाण्यात थोडा वेळ राहू द्या आणि मग दाब पुन्हा पाहा.

धातूची शिडी असेल तर 316 प्रकारचं स्टेनलेस स्टील मागा. त्यातल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममुळे खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड पृष्ठभागावरचा संरक्षक थर सहजी फोडू शकत नाही. 304 प्रकारावर काही महिन्यांतच तांबूस ठिपके दिसू लागतात. चुंबक लावून हा फरक कळत नाही, बिलावर लिहून घ्यावं. फळीत स्क्रू नकोत. आरपार बोल्ट, मागे धातूची पट्टी, आणि भोकाच्या आतल्या लाकडाला इपॉक्सी; प्लायवूड आतून कुजतं आणि बाहेरून कळत नाही.

युरोपीय संघाने 2013मध्ये केलेल्या छोट्या बोटींच्या नियमात एक अट आहे: पाण्यातल्या माणसाला दुसऱ्या कोणाच्याही मदतीशिवाय चढण्याचं साधन हाताला लागलं पाहिजे किंवा उघडता आलं पाहिजे. आपल्याकडे बोट घेणाऱ्याने ही अट स्वतःवर घालून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पिशवीत बांधून बोटीच्या तळाशी ठेवलेली शिडी आतल्यांसाठी सामान असते, पाण्यात पडलेल्यासाठी ती नसतेच. गुंडाळी ट्यूबच्या आत ठेवून वेल्क्रोच्या एका पट्टीने धरा आणि ती सोडवणारी, टोकाला गाठ मारलेली दोरी बाहेर पाण्यापर्यंत लोंबू द्या.

मग छातीभर उथळ पाण्यात, किनाऱ्यालगत, इंजिन वर उचलून चाचणी घ्या. लाइफ जॅकेट घालून, आधी पोहून दमल्यावर, बोटीतल्यांना हात द्यायला बंदी करून. घरातल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसालाही चढून बघू द्या, कारण शिडीची लांबी त्याच्यावरून ठरणार आहे. चढून आलेल्याला लगेच उभं करू नका. पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलत असतो, बाहेर आल्यावर तो जातो आणि घेरी येऊ शकते; दोन मिनिटं तळाशी बसवा. चाचणीनंतर प्रत्येक डी-रिंगच्या ठिगळाच्या कडेवरून नख फिरवून बघा. नख कुठे आत शिरलं, तर ते ठिगळ बदलल्याशिवाय त्या रिंगवर पुन्हा भार देऊ नका. पट्ट्याचा रंग उडून धागे खरखरीत झाले असतील तर उन्हाने नायलॉन खाल्लं आहे, असा पट्टा वर्ष न मोजता बदलायचा.