अँबेसेडरला दुसरा कार्बुरेटर बसवताना

जुन्या गाड्या बाळगणारे मित्र मला एक प्रश्न सारखा विचारतात: "कर्नलसाहेब, नवा कार्बुरेटर आणला, बसवला, तरी गाडी नीट का चालत नाही?" आज त्याबद्दल बोलू.

कार्बुरेटर दोन नटांवर बसतो, त्यामुळे काम सोपं वाटतं. खरं काम असतं ते दोन गळत्या रोखण्याचं. एक हवेची, दुसरी पेट्रोलची. हवेच्या गळतीनं गाडी बिघडते, पेट्रोलच्या गळतीनं गाडी पेटते. या दुसऱ्या गळतीच्या मी एकदा फार जवळ जाऊन आलोय. ते सांगतोच.

माझी गाडी १९८२ सालची अँबेसेडर. नोकरीत असताना या गाड्या साहेब लोकांसाठी असायच्या. निवृत्त होऊन महूला घर केलं तेव्हा हौसेनं एक जुनी घेतली. पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात अँबेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. माझ्या गाडीत १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एक सोलेक्स कार्बुरेटर आहे. या इंजिनात हवा आत नेणारा आणि जळका धूर बाहेर टाकणारा, हे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. म्हणजे कार्बुरेटरच्या खालीच तापलेलं लोखंड. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

आधी खात्री, मग खरेदी

गाडी धक्के देते, धूर टाकते, की लगेच कार्बुरेटरवर आळ येतो. आधी प्लग काढून बघा. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, टोक पांढरट असेल तर कमी. पॉइंट, टायमिंग, पेट्रोलचा फिल्टर आणि पंप तपासा. यातलं काही बिघडलेलं असेल तर नव्या कार्बुरेटरनं काहीही सुधारणार नाही.

खात्री झाली की जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवा. बुडाच्या दोन भोकांमधलं अंतर, थ्रॉटलची दांडी कोणत्या बाजूला आहे, चोकची तार कुठे अडकते, डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या बारीक नळीचं तोंड आहे की नाही, जेटवरचे आकडे. दुकानदार "बसेल हो" म्हणतो. बसतोही. पण बसणं आणि जुळणं यात फरक आहे.

काढताना

इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, आसपास विडी-सिगारेट नको. बॅटरीची जी केबल बॉडीला जोडलेली असते ती आधी काढा. मग मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घ्या. आमच्या वेळी कागदावर चित्र काढायचो. फोटो त्याहून बरा.

एअर क्लीनर, पेट्रोलची नळी, डिस्ट्रिब्युटरची नळी, चोकची तार, थ्रॉटलची दांडी आणि तिची स्प्रिंग, शेवटी दोन नट, या क्रमानं सोडवा. कार्बुरेटर उचलला की मॅनिफोल्डच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं घाला. एक वायसर आत पडला तर काम दोन तासांवरून दोन दिवसांवर जातं. फडकं मोठं घ्या, म्हणजे बसवताना विसरलं जाणार नाही.

पहिली गळती: हवेची

वजनाच्या हिशेबानं साधारण १ भाग पेट्रोल जळायला १५ भाग हवा लागते. हे प्रमाण सांभाळणं हेच कार्बुरेटरचं काम. आता बघा, गाडी स्लोवर चालते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि त्याच्या खाली मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ तयार होते. बुडाशी केसाएवढी फट असली तरी तिथून हवा आत खेचली जाते, आणि कार्बुरेटरला तिचा पत्ताच नसतो. मग गाडी स्लोवर थांबत नाही, किंवा रेस आपोआप वाढते. आपण स्क्रू फिरवत बसतो.

म्हणून दोन्ही पृष्ठभागांवरचं जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून काढा. कार्बुरेटरच्या बुडावर स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारा. उजेड दिसला तर बूड वाकलेलं आहे. खाली जाडसर इन्सुलेटर असेल तर तो परत बसवायचाच, दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग घालून. मॅनिफोल्डची उष्णता वर चढून पेट्रोल उकळू नये म्हणून तो असतो.

फडकं काढा, कार्बुरेटर ठेवा आणि दोन्ही नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. इथे ताकद दाखवायची नाही. कार्बुरेटरचा धातू मऊ असतो. जास्त आवळलं की कान वाकतात आणि मध्ये फट पडते. म्हणजे गळती थांबवायला गेलो आणि स्वतःच्या हातानं तयार केली.

डिस्ट्रिब्युटरची नळी नीट बसवा. ती सुटलेली असली तर स्लोवर कळत नाही, पण रस्त्यावर गाडी सुस्त वाटते आणि पेट्रोल जास्त खाते. थ्रॉटल जोडल्यावर घरातल्या कुणाला तरी पॅडल दाबायला सांगा. पूर्ण दाबल्यावर पूर्ण उघडला पाहिजे, सोडल्यावर स्प्रिंगनं झटकन बंद झाला पाहिजे. अडकणारा थ्रॉटल म्हणजे न थांबणारी गाडी. चोकच्या तारेला किंचित ढील ठेवा, म्हणजे बटण आत ढकलल्यावर चोक खरोखर बंद होईल.

दुसरी गळती: पेट्रोलची

दोन वर्षांपूर्वी नवा कार्बुरेटर बसवून आठवडा झाला होता. महूहून धुळ्याला लग्नाला निघालो. मागच्या सीटवर बायको आणि नऊ वर्षांची नात. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात नात म्हणाली, "आजोबा, पेट्रोल पंपासारखा वास येतोय." मी म्हणालो, "जुन्या गाडीला येतोच गं." पाच मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली, "आता जास्त येतोय."

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दोघींना लांब उभं केलं. काही वेळ थांबून, सिलिंडर हातात घेऊन बॉनेट उघडलं. कार्बुरेटरच्या तोंडाशी रबरी नळी ओली होती. थेंब थेंब पेट्रोल खाली मॅनिफोल्डच्या दिशेनं उतरत होतं. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती. नवा कार्बुरेटर आणताना मी नळी आणि क्लिप जुनीच वापरली होती. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, त्या खुशीत गळती तपासलीच नाही. आयुष्यभर जवानांना तपासणीचं महत्त्व सांगितलं, आणि घाटात नऊ वर्षांच्या मुलीनं मला ते शिकवलं.

म्हणून नळी आणि क्लिपा नव्याच घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यानं लवकर खराब होतं. इथेनॉल चालेल अशीच नळी मागा आणि ती मॅनिफोल्डपासून लांबून न्या. पितळी नट असेल तर पहिले आटे बोटांनीच बसवा. पान्यानं सुरुवात केली तर आटे तिरके जातात.

मग बॅटरी जोडण्याआधी पंपाची हातदांडी चालवून कार्बुरेटर भरून घ्या. दहा मिनिटं थांबा. प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. कागद कोरडा राहिला तरच बॅटरी जोडा. इंजिन गरम झाल्यावर, बंद करून, पुन्हा एकदा बघा.

शेवटी स्लो

मिक्श्चरचा स्क्रू अलगद आत टेकवा आणि दीड फेरा बाहेर घ्या. गाडी चांगली गरम होऊ द्या. मग स्लोचा स्क्रू आणि मिक्श्चरचा स्क्रू, एका वेळी एकच, पाव पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत एकसारखं चालेल तिथे थांबा. मिक्श्चरच्या स्क्रूनं काहीच फरक पडत नसेल तर हवेची गळती शोधा. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं बुडाभोवती फिरवलं की फुसफुस ऐकू येते. हात आणि नळी पंख्यापासून दूर ठेवा. काही जण गळती शोधायला पेट्रोल शिंपडतात. गरम मॅनिफोल्डवर तसं कधीही करू नका.

आता माझ्याकडे काम संपलं की शेवटची तपासणी नात करते. बॉनेटशी येते, वास घेते, आणि "ओके" म्हणते. तिच्या ओकेशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही.

पुढच्या भागात डिस्ट्रिब्युटर आणि टायमिंग. तोवर, जय हिंद.