गोंदून घ्यायचंय? आधी गोंदणारीला पारखा

महाडच्या भाजीबाजारात पाट्या मांडून बसलेल्या म्हाताऱ्या बायांचे हात कधी निरखून पाहिलेत? मनगटापासून कोपरापर्यंत हिरवटनिळं गोंदण. तुळशीवृंदावन, विंचू, फुलं, ठिपक्यांच्या रांगा आणि पुष्कळदा त्यातच कारभाऱ्यांचं नाव! गंमत बघा, ज्या बाईनं उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, तिनं ते जन्मभर हातावर मिरवलं. दागिने मेल्यावर इथंच राहतात, गोंदण तेवढं आपल्याबरोबर येतं, अशी त्या पिढीची श्रद्धा.

मधल्या पिढीला या गोंदणाची लाज वाटू लागली. चार बुकं शिकलेल्या मुलींना ते गावंढळ वाटे. आणि आता तेच गोंदण ‘टॅटू’ हे नवं नाव घेऊन परत आलं आहे. गणपतीला मुंबईहून पोलादपूरला आलेली लेक बाही सावरते आणि मनगटावरचा छोटासा पक्षी आईच्या नजरेला पडतो. मग काय, ऐन मोदकांच्या गडबडीत वादाला तोंड फुटतं. शेजारी बसलेल्या आजीचा हात मात्र कोपरापर्यंत गोंदलेला असतो!

गोंदावं की गोंदू नये, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. मैत्रिणींनो, मला सांगायचं आहे ते वेगळंच. कुणाकडून गोंदून घ्यायचं आणि कसं, हे आपण नीट पाहतो का? साडी घेताना दहा घड्या उलगडायला लावतो, आणि इथं तर प्रश्न आपल्या कातडीचा आहे.

हलका हात

पूर्वी गोंदणारणी गावोगाव फिरत, जत्रेत बसत. दोनतीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी कालवायची आणि टोचत जायचं. वर हळद लावली की झालं. टोचताना ती गाणी म्हणे, माहेर-सासरच्या गोष्टी काढी, म्हणजे पोरीचं लक्ष दुखण्यावरून उडे. ‘तिचा हात हलका आहे’ अशी ख्याती झाली की बाया तिच्या फेरीची वाट पाहत. म्हणजे गिऱ्हाइकाला कमीत कमी त्रास व्हावा, ही गोष्ट काही आजच्या टॅटूवाल्यांनी शोधलेली नाही.

पण एक गोष्ट त्या काळात नव्हती. पोरीला कुणी विचारत नसे. पाचसात वर्षांची पोर, मावशीनं हात धरायचा, आत्यानं डोकं धरायचं, आणि ती रडत असतानाच कपाळावर, हनुवटीवर ठिपके उमटायचे. ‘एवढं सोसलं नाहीस तर बाळंतपण कसं सोसशील?’ असं वर ऐकायला मिळे. सोसणं हेच बाईचं भूषण समजलं जाण्याचे ते दिवस.

पुढं जत्रांत बॅटरीवर चालणारं यंत्र आलं. विजेवरच्या गोंदणयंत्राचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यानं १८९१ साली घेतलं होतं. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून त्याला ती युक्ती सुचली. यंत्रानं काम झटपट झालं, नाव पाच मिनिटांत उमटू लागलं. पण सुई तीच, रंगाची वाटी तीच आणि पुढं माणसांची रांग.

सुई आत जाते म्हणजे काय होतं?

गोंदणाची सुई कातडीच्या वरच्या थरातून साधारण एकदोन मिलिमीटर आत जाते. वरचा थर सतत झडत असतो, म्हणून तिथला रंग टिकणार नाही. खालच्या थरात गेलेले रंगाचे कण शरीरातल्या पेशी धरून ठेवतात, आणि म्हणूनच गोंदण जन्मभर राहतं. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात एका माणसाचं शव सापडलं. ते सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचं आहे आणि त्याच्या अंगावरच्या ६१ खुणा अजून दिसतात!

सुई आत जाते म्हणजे रक्ताशी गाठ पडते. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. कावीळ ब चा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. नुसती फडक्यानं पुसलेली किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेली सुई स्वच्छ झाली असं मानू नका.

चांगल्या ठिकाणी सुई प्रत्येकासाठी नवी असते आणि पुन्हा वापरायची बाकीची अवजारं ‘ऑटोक्लेव्ह’ नावाच्या भांड्यात निर्जंतुक करतात. ते कसं चालतं हे आपल्याला वेगळं शिकवायला नको, कारण तत्त्व आपल्या प्रेशर कुकरचंच आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. कोंडलेल्या वाफेत ते १२१ अंशांपर्यंत जातं आणि उकळत्या पाण्याला दाद न देणारे जंतूही मरतात.

वहिनींची तुळस

आमच्या शेजारच्या वहिनींच्या हातावर उकळती पेज सांडल्याचा जुना व्रण होता. बारा वर्षं त्या पदर ओढून तो झाकत आल्या. त्यावर तुळशीची डहाळी गोंदून घ्यायची त्यांनी ठरवलं. वय अठ्ठेचाळीस. घरात हसू झालं, पण त्या मागं हटल्या नाहीत. आधी कातडीच्या डॉक्टरांना व्रण दाखवला. भाजल्याचा व्रण पुरता निवलेला असावा लागतो आणि तो जाड, फुगीर असेल तर त्यावर सुई चालवू नये. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर दिवाळीनंतर आम्ही पुण्याला गेलो. वहिनींच्या भाचीनं एक मुलगी शोधून ठेवली होती.

त्या मुलीनं पहिल्या दिवशी सुई हातात घेतलीच नाही. व्रणावरून बोट फिरवून पाहिलं, मधुमेह आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारलं आणि पैसे किती होतील ते सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी आधी ‘जेवून आलात ना?’ म्हणून चौकशी. मग तुळशीचा छाप हातावर उमटवून तिनं वहिनींना आरशापुढं उभं केलं. वहिनींनी तो दोनदा पुसायला लावला. तिनं कुरकुर न करता पुसला. सुईचं पाकीट समोर फोडलं, नवे हातमोजे घातले, पडदा ओढला. मला शेजारी स्टूल दिलं.

“मी बोलत राहू की गप्प बसू? काहींना बोललेलं आवडत नाही,” असं तिनं विचारलं तेव्हा वहिनी माझ्याकडं पाहतच राहिल्या. मग ती म्हणाली, “दुसरा हात वर केलात की मी थांबेन. कारण सांगायची गरज नाही.”

वहिनींनी तीनदा हात वर केला. तिन्ही वेळा यंत्र लगेच बंद झालं. तिसऱ्या वेळी मी विचारलं, “फार दुखतंय का?” त्या हळूच म्हणाल्या, “नाही गं. खरंच थांबते का ते बघितलं.” वहिनींच्या हनुवटीवर एक ठिपका आहे. सहा वर्षांच्या असताना जत्रेत दोन माम्यांनी धरून गोंदवलेला. तेव्हा त्या किती ओरडल्या होत्या, हे त्यांना अजून आठवतं.

मला वाटतं, चांगल्या गोंदणारीची पारख इथंच होते. चित्र सुबक काढणारे पुष्कळ असतील. तुम्ही ‘थांब’ म्हटल्यावर जी थांबते, ती खरी.

आधी हे पाहा, हे विचारा

सुईचं पाकीट तुमच्यासमोर उघडा म्हणावं. रंग लहानशा वाटीत काढलेला असावा आणि उरलेला बाटलीत परत जाता कामा नये. वापरलेली सुई वेगळ्या बंद डब्यात टाकतात ना, तेही पाहा. सोबत मैत्रीण चालेल का, आडोसा आहे का, मध्ये विश्रांती मिळेल का, हे विचारायला संकोचू नका. असे प्रश्न विचारल्यावर जी व्यक्ती कपाळाला आठ्या घालते, तिच्याकडं हातच देऊ नये!

दुखणं जागेवर अवलंबून असतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला कमी, तर बरगड्या, घोटा, पाऊल इथं जास्त, कारण हाड जवळ. पहिल्यांदा लहानसं चित्र निवडा. बधिर करण्याचं मलम मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच आणि थोड्याच जागेवर लावायचं.

गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना गोंदण पुढं ढकलावं. मधुमेह असेल, जखमेचे व्रण फुगून येत असतील, तर डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. मुलामुलींना सैन्यात जायचं असेल तर गोंदणाबाबत तिथं निर्बंध आहेत. आणि अठरा वर्षांच्या आत तर नकोच.

नंतरची काळजी

गोंदण ही एक जखमच आहे. ती वरून भरायला दोन ते चार आठवडे लागतात. हात स्वच्छ धुऊनच तिला हात लावा, साध्या साबणानं हलकेच धुवा, टिपून कोरडी करा, सांगितलेलं मलम पातळ लावा. खपली खाजवू नका, उन्हात उघडी ठेवू नका. हळद, तेल, चुना असले घरगुती प्रयोग कृपा करून नकोत.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. महाड-पोलादपुराकडं पावसाळ्यात गोंदून घेऊ नका. भातलावणीचा चिखल, सावित्री-गांधारीचं चढलेलं पाणी, न वाळणारे कपडे! उंदीर-गुरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उघड्या जखमेवाटे शरीरात शिरतात, आणि हा ताप कोकणाला नवा नाही. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सर्वांत चांगले. लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला तर घरी वाट न पाहता डॉक्टर गाठा.

पुसता येतं का?

लेसरनं फिकं करता येतं, पण बऱ्याच खेपा घालाव्या लागतात आणि खर्च गोंदण्याहून कितीतरी जास्त. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा-पिवळा चिवट असतो. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरे-काळे डाग राहण्याचाही धोका असतो. तेव्हा ठरवलेलं चित्र कागदावर काढून महिनाभर कपाटाच्या दारावर चिकटवा. रोज साडी काढताना ते दिसेल. महिन्यानंतरही आवडलं, तर खुशाल जा.

आणि लेकीनं गोंदून आणलंच असेल, तर रागावण्याआधी सुई नवी होती का तेवढं विचारा. नंतर तिला आजीजवळ बसवा. आजीच्या हातावरची तुळस कुठल्या जत्रेतली, तेव्हा तिला कुणी धरलं होतं, हे कदाचित तुम्हीही पहिल्यांदाच ऐकाल.