व्हर्च्युअल मशीन हलवलं, पण उत्तर तेच येतंय का?

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली. त्यानंतर एकदाच पैसे भरून मिळणारं कायमचं लायसन्स बंद झालं आणि वर्गणी सुरू झाली. तेव्हापासून अनेक जण केव्हीएमवर चालणाऱ्या, मुक्त स्रोत असलेल्या प्रॉक्समॉक्सकडे वळले. उद्या तुमच्या विभागातही हे होऊ शकतं. तुमचं सिम्युलेशन अशा एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर चालत असेल, तर ‘हे सिस्टिम अ‍ॅडमिन बघेल’ म्हणून सोडून देऊ नका.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एक मोठी डिस्क फाइल, असं आपण धरून चालतो. ती फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणं हा खरं तर सगळ्यात सोपा भाग. प्रॉक्समॉक्समध्ये ८.२ पासून त्यासाठी तयार सोयच आहे. स्नॅपशॉट आधी काढून टाका, मशीन नीट बंद करा, बस्स.

अडचण येते ती आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला. तिच्या दृष्टीने एका रात्रीत डिस्क कंट्रोलर, नेटवर्क कार्ड सगळंच बदललेलं असतं. विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर आधीच घातलेला नसेल, तर बूट होताना निळा पडदा दिसतो. अशा वेळी डिस्क आधी साटा म्हणून जोडायची, ड्रायव्हर घालायचा, मग बदलायची. लिनक्समध्येही, विशेषतः रेड हॅटच्या घराण्यात, बूटच्या वेळची छोटी इमेज फक्त जुन्या हार्डवेअरपुरती बनवलेली असू शकते. मग डिस्कच सापडत नाही. नेटवर्क कार्डाचं नावही बदलतं. आयपीची सेटिंग जुन्या नावाला चिकटलेली असली की मशीन सुरू असूनही पोहोचता येत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅक अ‍ॅड्रेसशी बांधलेलं असेल, तर तो जुनाच ठेवायला सांगा.

हे सगळं निदान डोळ्यांना दिसतं. सीपीयूचं तसं नाही.

प्रॉक्समॉक्समध्ये नवीन मशीन बनवताना सीपीयूचा प्रकार आपोआप ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ असा येतो. कोणत्याही सर्व्हरवर चालावं म्हणून हा मुद्दाम साधा ठेवलेला प्रकार आहे. खाली कितीही नवा प्रोसेसर असो, आतल्या मशीनला एव्हीएक्स आणि एफएमए या सूचना दिसतच नाहीत. टेन्सरफ्लोची तयार पॅकेजेस एव्हीएक्स नसेल तर सरळ बंद पडतात. ते एक परवडलं, निदान कळतं तरी! ओपनब्लास मात्र चालू होताना सीपीयू बघतं आणि त्याप्रमाणे गुणाकाराचा कोड निवडतं. एफएमए असेल तर गुणाकार आणि बेरीज मिळून एकदाच राउंडिंग होतं, नसेल तर दोनदा. बेरजेचा क्रमही बदलू शकतो. फरक शेवटच्या काही अंकांत पडतो, पण तुमची प्रणाली केऑटिक असेल किंवा लाखो स्टेप्स चालणारी असेल, तर तो वाढत जातो. प्रबंधातली आकृती पुन्हा काढायला जाल आणि ती जुळणार नाही.

म्हणून हलवण्याआधी उत्तर माहीत असलेला एक छोटा रन जुन्या मशीनवर घ्या, आउटपुट सगळ्या अंकांसकट साठवा, आणि ‘एलएससीपीयू’ने दिसणारे फ्लॅग्ज लिहून ठेवा. नव्या मशीनवर सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ करून घ्या आणि तोच रन पुन्हा चालवा. क्लस्टरमधल्या सर्व्हरचे प्रोसेसर वेगवेगळे असतील तर अ‍ॅडमिन ‘होस्ट’ला नको म्हणेल, आणि ते रास्तही आहे, कारण मग चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणं अवघड होतं. सगळे प्रोसेसर चालवू शकत असतील तर ‘व्ही३’ मागा. त्यात एव्हीएक्स२ आणि एफएमए दोन्ही येतात. दोन्ही आउटपुट ताडून होईपर्यंत जुनं मशीन पुसू देऊ नका.