दोन गुंठ्यांचे मालक कोण?

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वडगाव निंबाळकरच्या शिवारात ऊस उभा राहिला. बारामतीही जवळच, तेव्हा अशा गावच्या जमिनीकडे शेतकऱ्याखेरीज इतरांचीही दृष्टी वळावी हे स्वाभाविक होय. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील एखादा शिक्षक वा कारकून भविष्यनिर्वाह निधीतून दोन गुंठे घेऊ पाहतो. चुन्याच्या रेषा, कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब, मुद्रांकावर नोटरीचा शिक्का; एवढ्यावर त्याला वाटते, आपण मालक झालो.

कायदा तसे मानीत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक मोलाची स्थावर मिळकत विकण्यास नोंदणीकृत खरेदीखत लागते. साठेखत हे विक्रीचे निव्वळ वचन. कुलमुखत्यारपत्रानेही मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. शिवाय शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यास 1947 चा तुकडेबंदी कायदा आड येतो, आणि बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यास 1948 चा कूळकायदा. तुकडेबंदीत अलीकडे सवलती मिळाल्या खऱ्या, परंतु त्या सरसकट नाहीत, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

मुलीसाठी स्थळ पाहताना चार गावे पालथी घालणारा गृहस्थ सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ मात्र वाचीत नाही! सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, कधी बहिणींचा हिस्सा तेथेच नोंदलेला असतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. जुने फेरफार, बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन इसार देण्यापूर्वीच मागावे. आणि प्लॉटपर्यंतचा रस्ता त्या रेखांकनात आहे की शेजाऱ्याच्या बांधावरून जातो, तेही पाहावे.