भलत्या मागावर गेलेले हाउंड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टेनेसी, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकी राज्यांच्या डोंगराळ भागात रॅकूनची शिकार रात्री चालते. कूनहाउंड कुत्रे अंधारात मोकळे सोडले जातात. ते वासावरून माग काढतात आणि रॅकून झाडावर चढला की बुंध्याला पुढचे पाय टेकवून, मान वर करून, मालक येईपर्यंत भुंकत राहतात. मालक त्या आवाजाच्या रोखाने झाडापर्यंत पोचतो. पण त्याच जंगलात पांढऱ्या शेपटीची हरणं, ओपॉसम, कायोटी आणि ससेही असतात. हरणाच्या ताज्या मागाची तरुण कुत्र्याला जबरदस्त ओढ असते. त्या मागावर तो गेला, की काही मिनिटांत कानाच्या टप्प्याबाहेर. पुढे हमरस्त्यावर गाडीखाली येण्याची भीती, आणि बहुतेक राज्यांत कुत्र्यांनी हरणांचा पाठलाग करणं बेकायदा असल्याने मालकावर कारवाईचीही.

अशा नको असलेल्या सावजाला अमेरिकी शिकारी ‘ट्रॅश’ म्हणतात. इंग्लंडमध्ये २००५ च्या बंदीपूर्वी खोकडाच्या शिकारीसाठी पाळलेले फॉक्सहाउंड ससे-हरणांमागे वळले, तर त्याला ‘रायट’ म्हणत. पीटर बेकफर्ड या इंग्रज शिकाऱ्याने १७८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिकारीवरच्या पुस्तकातही या खोडीची चर्चा आहे. इतक्या जुन्या प्रश्नाभोवती समजुतीही जुन्याच जमल्या आहेत. त्यातल्या काही कुत्र्याला नाहक वेदना देणाऱ्या आहेत, म्हणून त्या तपासून घेणं गरजेचं आहे.

गैरसमज : कुत्र्याला वासांतला फरक कळत नाही, म्हणून तो चुकतो.

वस्तुस्थिती : फरक कळण्यात कुत्रा कमी पडत नाही. २०११ मध्ये चेक संशोधकांनी पोलीस दलातल्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांपुढे एकाच घरात राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या जुळ्या भावंडांचे वास ठेवले. डीएनए सारखाच असलेल्या या जुळ्यांचे वासही कुत्र्यांनी वेगळे ओळखले. त्याआधी, १९९३ मध्ये, नॉर्वेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की माणूस कुठल्या दिशेने गेला हे माग काढणारा कुत्रा अवघी काही पावलं हुंगून ठरवतो. एका पावलात आणि पुढच्या पावलात वासाचा जो सूक्ष्म फरक पडतो, तोही त्याच्या नाकातून सुटत नाही.

तेव्हा हरणामागे धावणारा हाउंड हरणाला रॅकून समजलेला नसतो. आपण कशामागे धावतोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. यातला कुठला वास मालकाला हवा आहे, एवढंच त्याला कुणी नीट शिकवलेलं नसतं. शिवाय पाठलाग हेच कुत्र्याचं बक्षीस असतं. हरीण हाती लागलं नाही तरी धावण्याची मजा मिळते, आणि प्रत्येक पाठलागागणिक खोड घट्ट होत जाते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत हरणामागे धावण्याची संधीच मिळू न देणं हा प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

गैरसमज : अस्सल रक्ताचा हाउंड जन्मतःच योग्य सावज ओळखतो.

वस्तुस्थिती : रक्तातून नाक येतं, दमसास येतो, आवाज येतो, झाडाखाली उभं राहून भुंकण्याची ओढही बऱ्याच अंशी येते. सावजाचं नाव मात्र रक्तात लिहिलेलं नसतं. प्लॉट हाउंड घ्या. नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९८९ मध्ये या जातीला ‘राज्याचा कुत्रा’ हा मान दिला. तिचे पूर्वज अठराव्या शतकात एका जर्मन स्थलांतरिताबरोबर अमेरिकेत आले, अशी परंपरा सांगितली जाते. जर्मनीत ते रानडुकरांमागे असत, अमेरिकेत अस्वलांमागे लागले आणि पुढे रॅकूनमागेही.

आपल्याकडचा दाखला याहून बोलका आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी उटीला आणि पेशावरला फॉक्सहाउंडांचे कळप पाळले होते. पिढ्यान्‌पिढ्या खोकडासाठी जोपासलेली ही जात, पण हिंदुस्थानात तिला कोल्ह्यामागे धावायला शिकवलं गेलं आणि ती शिकली. आज अमेरिकेतले कित्येक फॉक्सहाउंड कळप कायोटीमागे धावतात. व्हर्जिनिया, अलाबामा यांसारख्या दक्षिणेकडच्या काही राज्यांत ठरावीक भागांत हरणांच्या शिकारीसाठी कुत्रे वापरायला परवानगी आहे. तिथल्या हाउंडसाठी हरीण हेच अधिकृत सावज ठरतं.

गैरसमज : हरणाच्या वासाने कुत्र्याचं नाक भरून टाकलं, की त्याला त्या वासाचा वीट येतो.

वस्तुस्थिती : कूनहाउंड पाळणाऱ्यांमध्ये एक जुनी पद्धत सांगितली जाते. पिंपात हरणाचं कातडं किंवा पायांवरच्या ग्रंथी ठेवायच्या, कुत्र्याला आत कोंडायचं आणि पिंप उतारावरून लोळवायचं. यातून कुत्रा घाबरतो हे खरं, पण कशाला घाबरतो? पिंपाला, अंधाराला, गरगरण्याला आणि त्याला आत ढकलणाऱ्या माणसाला. मोकळ्या रानात पळत्या हरणाच्या मागाशी यातल्या कशाचाच संबंध नसतो. कुत्रा ज्या जागी आणि ज्या परिस्थितीत शिकतो, तिच्याशी त्याचं शिकणं घट्ट बांधलेलं असतं. पिंपातला धडा रानात उपयोगी पडेल अशी आशा ठेवायला आधार नाही. मालकावरचा विश्वास मात्र तडकतो, आणि रात्रीच्या शिकारीत त्या विश्वासावरच सगळं चालतं.

गैरसमज : विजेचा झटका देणारा पट्टा हा खात्रीचा आणि झटपट उपाय आहे.

वस्तुस्थिती : ही समजूत सर्वांत जास्त पसरलेली आहे, म्हणून तिच्याकडे जरा बारकाईने पाहायला हवं.

जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमका याच प्रश्नावर आहे. १४ बीगल कुत्र्यांना सशाच्या हलत्या प्रतिकृतीमागे धावू दिलं गेलं. एका गटाला प्रतिकृतीला तोंड लावलं त्याच क्षणी झटका दिला. दुसऱ्या गटाला, पाठलाग करताना परत बोलावूनही न आल्यास दिला. तिसऱ्याला केव्हाही, कुठलाही मेळ न राखता. मग लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण दाखवणारं संप्रेरक, मोजलं. तिसऱ्या गटात ते सर्वांत जास्त वाढलं, त्याखालोखाल दुसऱ्यात. आपण काय केलं म्हणून झटका बसला हे ज्यांना स्पष्ट कळलं, त्या पहिल्या गटात मात्र लक्षणीय वाढ दिसली नाही.

झटक्याचं कारण कुत्र्याला स्पष्ट कळलं पाहिजे, ही अट आता रात्रीच्या जंगलात लावून पाहा. कुत्रा अर्धा मैल दूर, अंधारात. मालकाच्या हाती फक्त आवाज आणि जीपीएसच्या पडद्यावरचा ठिपका. बटण दाबलं त्या क्षणी कुत्रा हरणाचा माग सोडून रॅकूनच्या मागावर आलेला असेल, तर शिक्षा नेमकी योग्य कामाची होते. शेजारी दुसरा कुत्रा किंवा एखादी मेंढी असेल, तर वेदनेचं कारण म्हणून तो त्यांनाच धरून बसू शकतो. असा गोंधळलेला कुत्रा पुढे मालकाचे पाय सोडून रानात शिरायलाच तयार होत नाही.

पट्टा निष्णात हातात असला तरी तो वरचढ ठरतो का, याचाही तपास झाला आहे. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाने २०१४ मध्ये ६३ पाळीव कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाकेला न येणं, गुराढोरांमागे धावणं अशा तक्रारी असलेले हे कुत्रे अनुभवी प्रशिक्षकांच्या हाती दिले होते. बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीपेक्षा पट्ट्याचा ठोस फायदा दिसला नाही. ताणाची लक्षणं मात्र पट्टा वापरलेल्या कुत्र्यांत अधिक होती. वेल्समध्ये २०१० पासूनच या पट्ट्यांवर बंदी आहे.

गैरसमज : मग सरळ पिल्लू अनुभवी कुत्र्याबरोबर सोडावं, बाकी आपोआप होतं.

वस्तुस्थिती : हे अर्धं खरं आहे. इंग्लंडमध्ये नवख्या हाउंडचा पट्टा जाणत्या हाउंडच्या पट्ट्याला जोडून त्यांना चालवण्याची जुनी रीत होती. तिथे कळपाची मोजणीही जोड्यांतच होते. पण थोराबरोबर फिरणारं पिल्लू त्याच्या खोडीही उचलतं. हरणामागे धावणारा एक जाणता कुत्रा अख्ख्या कळपाला ती सवय लावतो. दुसरा धोका जरा छुपा आहे. सतत थोराच्या मागे धावणारं पिल्लू स्वतःचं नाक वापरायला शिकतच नाही, नुसतं आवाजाच्या दिशेने पळतं.

म्हणून पायाभरणी माणसाबरोबर होते. रॅकूनचं कातडं दोरीला बांधून जमिनीवरून ओढत न्यायचं, शेवटी झाडाच्या फांदीला टांगायचं आणि लांब दोरीवरच्या पिल्लाला तो माग काढू द्यायचा. ते झाडाशी पोचून वर पाहत भुंकलं, की तिथेच, त्याच क्षणी, भरभरून कौतुक. पुढे खऱ्या शिकारीत झाडावर ओपॉसम निघालं, तर ओरडा नाही आणि शाबासकीही नाही. मुकाट्याने दोरी अडकवून चालू पडायचं. हरणांची ओळख दोरीवर असतानाच करून द्यायची, आणि हरणाकडून मान वळवून मालकाकडे पाहिल्याचं बक्षीस द्यायचं. फॉक्सहाउंडांची पिल्लं काही महिने शेतघरांवर ठेवण्यामागे हाच विचार आहे. कोंबड्या, मेंढ्या, मांजरं यांच्यात वाढलेल्या पिल्लाला त्यांचं अप्रूप उरत नाही.

गैरसमज : अंधारात कुत्रा कशामागे आहे, हे माणसाला कळणं शक्य नाही.

वस्तुस्थिती : जाणकार बरंच ओळखतात. रॅकूनचा माग सावकाश, वळणावळणाने, ओढ्याकाठाने जातो आणि झाडापाशी संपतो. घाबरलेलं हरीण वेगाने दूर निघून जातं. जीपीएस पट्टा आल्यापासून ही चाल आणि वेग पडद्यावर दिसतो. आवाजही सांगतो. माग सापडल्यावरचा लांब सूर वेगळा, झाडाखालचं तुटक, एका लयीतलं भुंकणं वेगळं.

अमेरिकेतल्या युनायटेड केनेल क्लबच्या रात्रीच्या स्पर्धा याच ओळखीवर उभ्या आहेत. आपला कुत्रा मागावर लागला हे नुसत्या आवाजावरून मालकाने जाहीर करायचं. पहिल्याला १०० गुण, मग ७५, ५० आणि २५. झाड धरल्यावर पहिल्याला १२५. शेवटी पंच झाडावर दिव्याचा झोत टाकतात. रॅकून दिसला तर गुण जमा, दुसराच प्राणी निघाला तर वजा.

गैरसमज : एकदा सरळ मार्गाला लागलेला कुत्रा कायमचा सरळ राहतो.

वस्तुस्थिती : इस्रायली संशोधकांनी २००५ मध्ये स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांवर प्रयोग केला. ज्या रस्त्यावर कधीच काही सापडत नसे, तिथे कुत्र्यांचा उत्साह घटला. पुढे तिथे खरोखर स्फोटक ठेवल्यावरही ते त्यांच्याकडून निसटू लागलं. तेच कुत्रे नव्या रस्त्यावर नेल्यावर पुन्हा चोख काम करू लागले. हाउंडच्या मालकासाठी यातला अर्थ व्यवहाराचा आहे. रॅकून विरळ आणि हरणं भरपूर अशा रानात कुत्र्याला रात्रीमागून रात्री फिरवलं, तर त्याचं लक्ष ढळणारच. सराव अशा ठिकाणी हवा, जिथे योग्य सावज सापडतं.

गैरसमज : ही विद्या फक्त शिकाऱ्यांच्या कामाची.

वस्तुस्थिती : भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, महाराष्ट्रात कारवानी कुत्रे सोडून ससा मारणं हाही गुन्हाच. पण ठरावीक वासाला धरून राहण्याचं हेच कौशल्य आज प्राण्यांना वाचवण्यासाठी वापरलं जातं. कॅलिफोर्नियात सॅन होआकिन किट फॉक्स या धोक्यातल्या खोकडाची विष्ठा शोधायला कुत्रे तयार केले गेले. त्यांनी शोधलेल्या १,२९८ नमुन्यांची डीएनए चाचणी झाली, तेव्हा सगळेच्या सगळे त्याच खोकडाचे निघाले, एकही कायोटीचा नाही.

भारतात ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी २००८ पासून वन विभागांसाठी श्वान पथकं उभी केली. भोपाळच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी तयार झालेले हे कुत्रे वाघाची हाडं, बिबट्याचं कातडं, हस्तिदंत असे नेमके वास शोधतात. प्रत्येक कुत्र्याबरोबर दोन श्वान हस्तक असतात आणि तिघांचं प्रशिक्षण एकत्रच होतं.